फुप्फुसाचा कॅन्सर आणि त्याच्या खुणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोकांनीच पाठवलेले आहेत. भाषा थोडी आवरली आहे, आशय तोच ठेवला आहे. रिपोर्टचा फोटो पाठवून ‘हा कॅन्सर आहे का?’ असं विचारणारे प्रश्न मात्र घेतलेले नाहीत. त्याचं उत्तर माणसाला समोर बसवून, तपासूनच देता येतं.

१. फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे नेमकं काय होतं? आणि तो इतक्या उशिरा का कळतो?

श्वासनलिका छातीत उतरली की तिला झाडासारख्या फांद्या फुटत जातात आणि टोकाला हवेच्या बारीक पिशव्या असतात. या नळ्यांच्या अस्तरातल्या किंवा पिशव्यांच्या कडेच्या काही पेशी ताळतंत्र सोडून वाढू लागतात आणि त्यांची गाठ होते. पुढे ही गाठ शेजारच्या लसिकाग्रंथींत, मेंदूत, हाडांत, यकृतात जाऊ शकते.

उशिरा कळण्याचं एक कारण शरीराच्या रचनेत आहे. फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखणं कळतच नाही. दुखतं ते बाहेरच्या आवरणाला. छातीत जागाही भरपूर, त्यामुळे लिंबाएवढी गाठ कुणाला न सांगता राहू शकते. दुसरं कारण म्हणजे हिची लक्षणं सगळी उसनी आहेत. खोकला सर्दीचा वाटतो, धाप वयाची वाटते, बारीक होणं मधुमेहाचं वाटतं. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ८० हजारांच्या आसपास नवे रुग्ण आणि ७५ हजारांच्या आसपास मृत्यू होतात. हे दोन आकडे इतके जवळ आहेत, यावरूनच आपण किती उशिरा पोहोचतो ते दिसतं.

२. हा सिगरेट-बिडी ओढणाऱ्यांनाच होतो ना? आमच्या घरात कुणीच ओढत नाही.

सर्वांत मोठं कारण धूम्रपानच आहे, त्यात वाद उरलेला नाही. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधल्या रुग्णालयांत रुग्णांची चौकशी केली आणि १९५० साली हा संबंध आकड्यांनिशी मांडला. गंमत म्हणजे डॉल यांचा सुरुवातीचा संशय मोटारींच्या धुरावर आणि रस्त्याच्या डांबरावर होता. आकडे समोर आल्यावर त्यांनी स्वतःची सिगरेट सोडली.

पण भारतात या रुग्णांपैकी बऱ्याच जणांनी, विशेषतः स्त्रियांनी, आयुष्यात कधी बिडीला हात लावलेला नसतो. घरात दुसऱ्याने सोडलेला धूर रोज घेणाऱ्याचा धोका साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढतो. डिझेलच्या धुराला २०१२ मध्ये आणि शहरी प्रदूषित हवेला २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं. ॲस्बेस्टॉस आणि दगडाची बारीक धूळ त्या यादीत आधीपासून आहेत. खडी क्रशरवर, दगडफोडीवर, सिमेंटचे पत्रे कापण्याच्या कामावर कुणी राहिलं असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावं, मग तीस वर्षं उलटली असली तरी. आणि कधी कधी कारण सापडतच नाही. रुग्णाला ‘मग तुम्ही काय करत होता?’ असं विचारणारे नातेवाईक पाहिले की वाईट वाटतं.

३. बिडी तर पानाची असते. सिगरेटपेक्षा बरी नाही का?

नाही. तेंदूच्या पानातून सिगरेटच्या कागदासारखी हवा आत येत नाही आणि बिडी सारखी विझत असते. त्यामुळे ती जास्त वेळा आणि जोराने ओढावी लागते. तंबाखू कमी असूनही डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा कमी जात नाहीत, बहुधा जास्तच जातात. हुक्का, चिलीम, ‘लाइट’ सिगरेट यांनाही हेच उत्तर लागू आहे.

४. मी ओढत नाही, फक्त तंबाखू मळतो. आई मिश्री लावते. आम्हालाही फुप्फुसाची तपासणी हवी का?

खाण्याच्या आणि दाताला लावण्याच्या तंबाखूचा मार मुख्यतः तोंड, घसा आणि अन्ननलिकेवर बसतो. म्हणून आधी तोंडाची तपासणी करून घ्या. तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं, या तिथल्या खुणा. मिश्री घरीच भाजली जात असेल तर तव्यावरून उठणारा धूर साऱ्या घराला ठसका लावतो, तो वेगळा मोजा.

५. आईची उभी हयात चुलीपुढे गेली. आता गॅस आहे. अजून धोका आहे का?

दगडी कोळशाच्या घरगुती धुराने कॅन्सर होतो हे सिद्ध मानलं जातं. लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुराला ‘बहुधा होतो’ या गटात ठेवलं आहे. गॅस आला तरी आधीची वीस-तीस वर्षं पुसली जात नाहीत. पण अशा बायकांना कॅन्सरपेक्षा दमेकऱ्यासारखा जुना श्वासविकार कितीतरी जास्त वेळा असतो, आणि अडचण तिथेच आहे. ‘आईचा तो नेहमीचाच खोकला’ म्हणून घर त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देतं. त्या खोकल्यात बदल झाला का, हे कसं ओळखायचं ते प्रश्न ७ मध्ये आहे.

६. नेमकी कोणती लक्षणं दिसली की जायचं?

तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला. थुंकीत किंवा बेडक्यात रक्त. पूर्वी न लागणारी धाप. खोल श्वास घेताना किंवा खोकताना छातीत एकाच जागी दुखणं. सर्दी नसताना तीन आठवडे बसलेला आवाज. काही न करता उतरलेलं वजन आणि गेलेली भूक. एकाच बाजूला, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया. या शेवटच्या खुणेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. गाठीने नळी अडवली की पलीकडच्या भागात हवा खेळत नाही, तिथे जंतू माजतात. अँटिबायोटिकने ताप उतरतो, पण नळी तशीच बंद असते आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच सुरू होतं.

यातलं कुठलंही एक लक्षण म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेकांना दुसरंच काही निघतं. पण एक लक्षण तपासायला जाण्यासाठी पुरेसं आहे. दोन-तीन जमा होईपर्यंत थांबायचं नाही.

एक घरगुती परीक्षा सांगतो. दोन्ही हातांची तर्जनी नखाला नख लावून पाठीला पाठ अशी धरा. नखांच्या मुळाशी शंकरपाळ्यासारखी छोटी फट दिसायला हवी. ती भरून गेली असेल आणि बोटांची टोकं फुगीर झाली असतील, तर छाती तपासून घ्या. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांनी ही खूण १९७६ मध्ये स्वतःच्या आजारपणात स्वतःच्याच बोटांवर टिपली होती. अशी बोटं हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या इतर आजारांतही होतात, आणि काहींची जन्मापासूनच तशी असतात.

७. खोकला तर सगळ्यांनाच असतो. किती दिवस काढा-हळदीवर काढायचे?

आल्याचा काढा, ज्येष्ठमध, अडुळशाचं सिरप यांना माझी हरकत नाही. दिवस मोजायला मात्र पहिल्या दिवसापासून सुरुवात करा. दोन आठवडे झाले की थुंकी तपासायची. आपल्याकडे टीबीसाठी हाच नियम आहे आणि सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. तीन आठवडे झाले की छातीचा एक्स-रे, मग थुंकीत काही सापडलेलं असो वा नसो. वय चाळीसच्या पुढे असेल किंवा बिडी-सिगरेट ओढलेली असेल, तर तो पहिल्याच भेटीत मागून घ्या.

ज्यांना वर्षानुवर्षं खोकला आहे त्यांनी बदल पाहायचा. पूर्वी सकाळीच यायचा, आता रात्री उठवतो. पूर्वी कफ पडायचा, आता कोरडा झाला, किंवा उलट. आवाजच वेगळा येतो. रोज शेजारी झोपणाऱ्या माणसाला हे रुग्णाच्या आधी कळतं, म्हणून डॉक्टरकडे जाताना त्यालाही घेऊन जा.

८. थुंकीत एकदाच रक्ताची रेघ आली. नंतर पंधरा दिवस काही नाही. सोडून देऊ?

सोडू नका. गाठीतून येणारं रक्त असंच येतं. एकदा येतं, थांबतं आणि महिन्याने परत येतं. आधी ते हिरड्यांतून किंवा नाकातून आलं का, हे पाहून घ्या. नसेल तर एक्स-रे हवा. टीबी, जुन्या आजाराने रुंदावलेल्या श्वासनलिका, साधा ब्राँकायटिस अशी कारणंही आहेत, पण त्यातलं कुठलं हे घरी बसून कळत नाही. कपभर रक्त पडलं तर रांगेत उभं राहायचं नाही, सरळ तातडीच्या विभागात जायचं.

९. बाबांना एक्स-रेवर डाग दिसला म्हणून टीबीचं औषध सुरू केलं. तीन महिने झाले, फरक नाही. काय करू?

या पानावर सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या देशात फुप्फुसावरचा डाग म्हटलं की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येतो. त्यात चूक काही नाही, कारण टीबीच जास्त आहे. खोकला, रक्त, वजन उतरणं, बारीक ताप, छातीत पाणी, ही सगळी लक्षणं दोन्हींत येतात. एक्स-रेवरही वरच्या भागातला डाग कधी कधी हुबेहूब सारखा दिसतो. म्हणून नुसत्या डागावर टीबी ठरत नाही. तो ठरतो थुंकीत जंतू दिसल्यावर, सीबीनॅट मशीनवर, म्हणजे जंतूचा जनुकीय माग काढणाऱ्या तपासणीत, सापडल्यावर किंवा गाठीच्या तुकड्यात (बायोप्सीत) पुरावा मिळाल्यावर.

तेव्हा पहिलं काम फाइल उघडण्याचं. थुंकीचा रिपोर्ट आहे का? पॉझिटिव्ह आहे का? नसेल तर डॉक्टरांना मान राखून, पण स्पष्ट विचारा, ‘टीबी कशावरून ठरला?’ कधी पुरावा नसताना औषध सुरू करण्याला रास्त कारण असतं, ते ते सांगतील. पण मग मुदतही ठरवून घ्या. टीबी असेल आणि औषध लागू पडत असेल, तर पहिल्या दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढू लागतं, एक्स-रेत सुधारणा दिसू लागते. त्यानंतरही डाग तसाच असेल किंवा वाढला असेल, तर दोनच शक्यता मुख्य उरतात. एक, औषधाला दाद न देणारा टीबी. दोन, टीबी नसणंच. दोन्हींसाठी पुढची पायरी छातीचा सीटी स्कॅन आणि तुकड्याची तपासणी हीच आहे. ‘सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण होऊ द्या, मग बघू’ हे उत्तर इथे पुरेसं नाही.

एका फसवणुकीपासून सावध राहा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत बरं वाटलं म्हणजे टीबीच होता असं होत नाही. गाठीमागे साचलेला जंतुसंसर्ग कमी झाला तरी ताप उतरतो (प्रश्न ६ पाहा). आणि औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. टीबी खरा असेल तर अर्धवट औषध त्याला आणखी हट्टी बनवतं.

टीबी सिद्ध झाला असूनही डाग राहिला असेल, तर प्रश्न २२ वाचा.

१०. एक्स-रे नॉर्मल आला. आता निश्चिंत ना?

बऱ्याच अंशी, पण पूर्ण नाही. लक्षणं असलेल्या सुमारे पाचांतल्या एका रुग्णाचा कॅन्सर साध्या एक्स-रेत दिसत नाही. गाठ हृदयामागे, कॉलरच्या हाडाखाली किंवा छाती-पोटामधल्या पडद्याच्या आड लपलेली असते. लक्षण गेलं तर ठीक. तीन-चार आठवड्यांनीही टिकून असेल, तर ‘एक्स-रे चांगला होता’ या वाक्यावर न थांबता सीटीबद्दल विचारा. रक्त पडत असेल तर तेवढंही थांबू नका.

११. खोकला अजिबात नाही. खांदा दुखतोय, पापणी थोडी खाली आली आहे. याचा फुप्फुसाशी काय संबंध?

असू शकतो. फुप्फुसाच्या अगदी शेंड्यावरची गाठ हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब देते. खांदा आणि हाताची करंगळीकडची बाजू ठणकते, मुंग्या येतात, त्याच बाजूची पापणी झुकते, बाहुली लहान होते, त्या बाजूच्या चेहऱ्याला घाम येत नाही. अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ हेन्री पॅनकोस्ट यांच्या नावाने ही गाठ ओळखली जाते. असे रुग्ण महिनोन् महिने फ्रोजन शोल्डर किंवा मानेचा मणका म्हणून शेक घेत राहतात, कारण छातीचा फोटो काढायचं कुणाला सुचतच नाही.

आडवाटेने येणारी आणखी काही लक्षणं आहेत. आवाज सांभाळणारी डावी नस छातीत खाली उतरून हृदयाच्या मोठ्या धमनीला वळसा घालून परत वर जाते, त्यामुळे छातीतल्या गाठीने आवाज घोगरा होतो. सकाळी उठल्यावर चेहरा आणि मान सुजलेली, गळ्यावरच्या शिरा फुगलेल्या, वाकलं की डोकं जड, असं झालं तर मुख्य शिरेवर दाब असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. म्हातारा माणूस अचानक भ्रमल्यासारखा बोलू लागला आणि रक्तात सोडियम फार कमी निघालं, तर मीठ वाढवून भागत नाही. एका प्रकारची गाठ असं रसायन सोडते की शरीर पाणी धरून ठेवतं. न थांबणारी नवी डोकेदुखी, पहिल्यांदाच आलेली फिट किंवा रात्री वाढणारं हाडांचं दुखणं, यांच्या मुळाशीही कधी कधी फुप्फुस निघतं.

१२. छातीत पाणी झालं होतं. काढलं, पंधरा दिवसांत परत भरलं.

पाणी काढल्यावर ते कुठे गेलं, हा खरा प्रश्न. सगळंच्या सगळं ओतून देतात तेव्हा पुरावाही मोरीत जातो. ते तपासायला पाठवायचं असतं. टीबीसाठी, आणि कॅन्सरच्या पेशींसाठीही. रक्तमिश्रित पाणी, पुन्हा पुन्हा भरणारं पाणी आणि उतारवय, हे तीन जुळले तर संशय वाढतो. पहिल्या नमुन्यात पेशी सापडल्या नाहीत तरी विषय संपत नाही. दुसरा नमुना पाठवतात किंवा दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा घेतात. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर कॅन्सर चौथ्या स्टेजमध्ये, म्हणजे पसरलेला, धरतात. पुढचं प्रश्न १७ मध्ये आहे.

१३. दुसऱ्याच कारणासाठी सीटी काढला आणि ‘७ मिमी नोड्यूल’ निघाला. झोप उडाली आहे.

कोविडच्या काळात घरोघरी सीटी निघाले तेव्हापासून हा प्रश्न फार येतो. अशा बारीक गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. आपल्याकडे तर लहानपणी नकळत होऊन गेलेल्या टीबीचे व्रण पुष्कळांच्या छातीत असतात. घट्ट, पांढराशुभ्र चुना साचलेली गाठ सहसा जुनीच असते. ढोबळ रीत अशी, की एकच, भरीव आणि ६ मिमीपेक्षा लहान गाठ असेल आणि माणूस कमी धोक्याचा असेल तर बहुधा काहीच करावं लागत नाही. ६ ते ८ मिमीला सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा सीटी. त्याहून मोठीला तीन महिन्यांत सीटी, पेट स्कॅन किंवा सरळ तुकडा. जुना सीटी असेल तर तो शोधा. दोन वर्षांपूर्वी तेवढीच असलेली भरीव गाठ म्हणजे जवळजवळ सुटकाच.

१४. सीटी, पेट, ब्राँकोस्कोपी, एमआरआय… इतक्या तपासण्या कशाला? पैसे काढायचा धंदा नाही ना?

प्रत्येकीचं काम वेगळं आहे. सीटी सांगतो गाठ कुठे आणि केवढी. तुकडा सांगतो ती कसली. गाठ मध्यभागी असेल तर तुकडा दुर्बिणीने (ब्राँकोस्कोपी), कडेला असेल तर सीटीत पाहत सुईने काढतात. पेट सांगतो शरीरात आणखी कुठे आहे का, पण मेंदूसाठी तो कमी पडतो, म्हणून एमआरआय. मात्र क्रमाबद्दल विचारायला हरकत नाही. तुकड्याच्या आधीच पेट काढला आणि शेवटी टीबी निघाला, असं होतं. पेटमध्ये टीबीही कॅन्सरइतकाच चमकतो.

१५. सुई टोचली, सुरी लागली की कॅन्सर पसरतो म्हणतात.

हा समज इतका घट्ट आहे की तुकडा नाकारून लोक घरी परततात. सुईमुळे पसरण्याचा धोका अत्यंत कमी आहे. खरे धोके दोन. थोडं रक्त येणं आणि फुप्फुसाबाहेर हवा साचणं, म्हणून तपासणीनंतर काही तास थांबवून घेतात. ‘सुरी लावली आणि महिन्यात गेला’ अशी गोष्ट प्रत्येक गावात असते. त्या माणसाची गाठ सुरीच्या आधीच पसरलेली असते, पण लोकांच्या लक्षात सुरी राहते.

१६. रिपोर्टमध्ये ‘ॲडिनोकार्सिनोमा’ आणि ‘ईजीएफआर’ लिहिलंय. हे काय?

ढोबळ दोन घराणी आहेत. सुमारे ८५ टक्के रुग्णांत नॉन-स्मॉल सेल आणि उरलेल्यांत स्मॉल सेल. दुसरा वेगाने वाढतो आणि जवळजवळ नेहमी धूम्रपान करणाऱ्यांत दिसतो. पहिल्यातला ॲडिनोकार्सिनोमा हा न ओढणाऱ्यांत जास्त सापडणारा प्रकार.

ईजीएफआर म्हणजे पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारं एक बटण. काहींच्या गाठीत ते जनुकातल्या बदलामुळे दाबलेलंच राहतं. भारतात ॲडिनोकार्सिनोमाच्या साधारण चारांतल्या एका रुग्णात हा बदल सापडतो. अल्क, रॉस-१ ही अशीच दुसरी बटणं. ती बंद करणाऱ्या गोळ्या आहेत, म्हणून तुकड्यावर ही जनुकीय तपासणी झाल्याशिवाय उपचारांची दिशा ठरवू नये. तुकडा अपुरा असेल तर काही वेळा रक्तातूनही ती करता येते. यातला गेफिटिनिब हा जुना उपाय आता जेनेरिक गोळीत मिळतो. परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये ३५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या गेफिटिनिबने आजार मध्यमानाने ८ महिने आवरला, सोबत किमो दिल्यावर १६ महिने. किमो जोडल्याने त्रासही वाढला, हे त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे.

इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांबद्दल, रोज विचारणा येते. ती काहींना फार चांगली लागू पडते आणि फार महाग आहे. पण ईजीएफआर किंवा अल्क बदल असलेल्यांना ती एकटी सहसा उपयोगी पडत नाही. रिपोर्ट यायच्या आधी घर गहाण टाकू नका.

१७. चौथी स्टेज म्हणजे संपलंच ना?

सहसा तो मुळापासून बरा होत नाही. पण ‘आता काहीच करता येणार नाही’ असा त्याचा अर्थ नाही. योग्य बटण (प्रश्न १६) सापडलेले काही रुग्ण गोळीवर अनेक वर्षं कामाला जातात. रेडिएशन, ज्याला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात, हाडाचं दुखणं काही दिवसांत उतरवू शकतं. धाप आणि वेदना कमी करणारी वेदनाशामक सेवा अगदी शेवटी बोलावायची गोष्ट नव्हे. बोस्टनमध्ये १५१ रुग्णांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ही सेवा सुरुवातीपासून मिळालेले रुग्ण अधिक समाधानात राहिले आणि सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगलेही.

१८. आता पस्तीस वर्षं ओढून झाली. सोडून काय उपयोग? आणि निदान झाल्यावर तर नाहीच ना?

सोडल्यावर दहा वर्षांत धोका, ओढत राहणाऱ्याच्या जवळपास निम्म्यावर येतो. न ओढणाऱ्याइतका मात्र होत नाही, म्हणून सोडलेल्यांनीही प्रश्न ६ विसरू नये. निदानानंतर सोडल्याने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते आणि उपचार सोसतात. सरकारची मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ आहे. नुसत्या मनोनिग्रहावर जमलं नाही तर लाज बाळगू नका, निकोटिनच्या गोळ्या आणि औषधं त्यासाठीच असतात.

१९. मला काहीच त्रास नाही. दरवर्षी तपासणी करून घेऊ का?

साध्या एक्स-रेने अशी तपासणी करून फायदा दिसलेला नाही. कमी मात्रेच्या सीटीने दिसला आहे. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीत एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले, हे २०११ मध्ये जाहीर झालं. तिथे आता ५० ते ८० वयाच्या, किमान वीस वर्षं रोज पाकीटभर इतकं ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या १५ वर्षांत सोडलेल्या लोकांना ती सुचवतात. भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. आपल्या छातीत टीबीचे जुने व्रण जास्त, म्हणून खोटी घंटाही जास्त वाजते (प्रश्न १३). भरपूर ओढलेलं असेल तर छातीच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. कधीच न ओढलेल्या तिशीतल्या माणसाने पॅकेजमध्ये मिळतोय म्हणून सीटी काढू नये.

२०. खर्च कसा पेलायचा?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन त्यात बसतात. प्रत्येक नवं औषध बसत नाही. योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी भेटा. पैसे भरून झाल्यावर परत मिळवणं कठीण जातं. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत असते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

२१. बाबांना सांगू नका, असं सगळं घर म्हणतंय. डॉक्टरांनाही तसंच सांगितलं आहे.

कळतं का असं वाटतं ते. पण बाबा वॉर्डात झोपलेले असतात, शेजारच्या खाटेवरचा माणूस ‘तुमची कितवी किमो?’ असं विचारतो आणि त्यांना सगळं कळतं. मग ते तुम्हाला कळू देत नाहीत. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ एवढं त्यांनाच विचारा. काही जण म्हणतात, ‘मुलाला सांगा, मला नको.’ तेही त्यांचं उत्तर मानावं. जमिनीचे कागद, बँकेची सही, कुणाला तरी एकदा भेटायचं राहून गेलेलं, या गोष्टी मात्र त्यांच्याशिवाय कुणाला उरकता येत नाहीत.

२२. काकांचा टीबी थुंकीत सिद्ध झाला होता. कोर्स पूर्ण केला, थुंकी साफ आली. तरी डाग आहे. आता हे काय?

बहुतेक वेळा तो जखमेचा व्रण असतो आणि तो जन्मभर राहतो. पण तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, डाग स्थिर आहे की वाढतोय. दुसरी, जुन्या व्रणाच्या जागी पुढे कॅन्सर होऊ शकतो आणि टीबी होऊन गेलेल्यांत त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. तिसरी, दोन्ही आजार एकाच छातीत एकाच वेळी असू शकतात. थुंकीत टीबी सापडला की सगळ्यांचा शोध तिथेच थांबतो आणि शेजारची गाठ राहून जाते. औषधाने एक डाग विरळ झाला आणि दुसरा वाढला, तर हाच संशय घ्यावा.

म्हणून कोर्स संपल्याच्या दिवशीचा एक्स-रे काढून घ्या आणि फिल्म जपून ठेवा. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. फिल्म गुंडाळून माळ्यावर टाकू नका, उन्हाने आणि दमटपणाने ती चिकटते. मोबाइलवर उजेडासमोर धरून फोटो काढा, तारीख टाका आणि घरातल्या दोघांकडे ठेवा. पुढे कधी खोकला सुरू झाला की डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतील.